डोक्याकडची बाजू

त्या दोघी बहिणी नव्हत्या. तरी सगळं इस्पितळ एकीला थोरली मावशी म्हणायचं आणि दुसरीला धाकटी मावशी. त्यातही गंमत अशी, की धाकटी ही थोरलीपेक्षा चांगली वीतभर उंच होती आणि वयाने जेमतेम वर्षादोन वर्षांनी लहान. पण थोरली या वॉर्डात आधी आली होती, आणि इस्पितळात वय मोजतात ते जन्मापासून नाही, रुजू झाल्यापासून. नवे डॉक्टर सुरुवातीला विचारायचे, "सख्ख्या का चुलत?" धाकटी म्हणायची, "सवती!" मग डॉक्टर पुढे काही विचारत नसत.

वॉर्डातल्या मावशांचं काम एका शब्दात सांगता येतं: उचलणं. ज्यांना आपल्या पायांनी उठता येत नाही त्यांना खाटेवरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून पुन्हा खाटेवर. दिवसभर हेच. माणूस घरी कितीही मोठा असो, इथे तो आधी वजन असतो आणि मग पेशंट, असं धाकटी म्हणायची. पेशंटसमोरच म्हणायची, आणि त्यांनाही हसू यायचं.

उचलायला दोन बाजू असतात. एकीने डोक्याकडे उभं राहायचं, मागून काखांखाली हात घालून पेशंटला छातीशी धरायचं. दुसरीने पायाकडे, गुडघ्यांखाली हात. खरं वजन सगळं डोक्याकडे. 'एक, दोन, चला' ही हाकही डोक्याकडचीनेच द्यायची, कारण जिच्यावर भार तिची हाक. पायाकडचीला भार कमी, पण तिने नजर खाली ठेवायची: लघवीची पिशवी कुठे अडकत नाही ना, नळी ओढली जात नाही ना, खुर्चीची चाकं सरकत नाहीत ना. म्हणजे डोक्याकडचीला सगळी खोली दिसते आणि पायाकडचीला फक्त पाय. म्हणून या दोघी बाजू आलटूनपालटून घ्यायच्या. आज तू, उद्या मी. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

गेल्या थंडीपासून ते बिनसलं. एके दिवशी थोरली सवयीने डोक्याकडे जायला निघाली, तर धाकटी आधीच तिथे उभी. "अगं, आज माझी पाळी," थोरली म्हणाली. "मग काय झालं? इकडे खिडकी आहे, मला वारा लागतो," धाकटी म्हणाली. दुसऱ्या दिवशी खिडकी बंद होती, तरी ती तिथेच. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी उंच आहे, मला बरं पडतं." मग तिने कारण सांगायचंच सोडून दिलं. रोज तीच डोक्याकडे, रोज तिचीच हाक.

आता खरं सांगायचं तर थोरलीला हे हवंच होतं. तिची कंबर गेली होती. कधी गेली हे तिलाही सांगता आलं नसतं, दुखणं काही वर्दी देऊन येत नाही. सकाळी उठताना आधी एका कुशीवर वळायचं, मग कोपरावर यायचं, मग खाटेच्या कडेला बसून जरा वेळ भिंतीकडे बघत राहायचं, तेव्हा कुठे पाय जमिनीला लागायचे. उजव्या कुल्ह्यातून एक कळ निघायची ती थेट पोटरीपर्यंत जायची. तिने बाजारातून एक रुंद पट्टा आणला होता. तो ती युनिफॉर्मच्या आत इतका घट्ट बांधायची, की दुपारी जेवल्यावर श्वास घेता यायचा नाही. हे कोणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तेव्हा धाकटीने डोक्याकडची बाजू घेतली, की तिच्या पाठीला बरं वाटायचं आणि मनाला लागायचं. थोरली ती, आणि हाक देते ही! वॉर्डात सगळ्यांना दिसत असेल. 'म्हातारी झाली, पायाकडे गेली,' असं म्हणत असतील. माणसाचं असं असतं: ओझं उतरलं याचा आनंद व्हायच्या आधी ते कोणी उतरवलं याचा राग येतो. थोरली चहाच्या वेळी दोन-दोन दिवस धाकटीशी धड बोलायची नाही. धाकटी काही विचारायची नाही.

दुखणं झाकायचं कारण होतं तळघरातली एक खोली. तिथे धुतलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे झगे येतात. घड्या घालायच्या, फळ्यांवर रचायच्या, मागणी आली की वर पाठवायच्या. काम हलकं. पण खिडकी नाही, माणूस नाही, दिवसभर एक दिवा आणि चादरींचा वास. पाठ गेलेल्या मावशीला तिथे पाठवतात. पाठवताना 'बरं वाटेपर्यंत' असं म्हणतात, पण तिथून वर आलेलं कोणी कोणाच्या पाहण्यात नव्हतं. थोरलीच्या आधीची एक मावशी अशीच खाली गेली. आधी सगळ्या भेटायला जायच्या, मग सवड मिळेना, मग ती निवृत्त झाली हेसुद्धा वरच्यांना महिनाभराने कळलं. थोरलीला मरणाची भीती नव्हती, पण त्या खोलीची होती. वॉर्ड म्हणजे तिचं अर्ध्याहून अधिक आयुष्य होतं, आणि वॉर्ड म्हणजे धाकटी होती, हे ती रागाच्या दिवसांतही जाणून होती.

अशात एक दिवस इन्चार्ज सिस्टरने सगळ्या मावशांना व्यायामाच्या खोलीत बोलावलं. तिथे नवी फिजिओबाई उभी होती. काटकुळी, पायात कॅनव्हासचे बूट. हिने उशीपेक्षा जड काही उचललं नसेल, असं मावशांनी एकमेकींकडे बघून ठरवून टाकलं. फिजिओबाईने हे ओळखलं असावं. ती सरळ थोरलीपाशी आली, म्हणाली, "मावशी, अंग सैल सोडा," आणि गुडघे वाकवून, तिला जवळ ओढून घेऊन, स्टुलावरून उचलून शेजारच्या खाटेवर बसवलं. धापही लागली नाही. 

"तुम्ही सगळ्या पाठीने उचलता," ती म्हणाली. "पाठ ही उचलायची वस्तू नाही. ती तंबूच्या खांबासारखी आहे. खांब स्वतःच्या जोरावर उभा राहत नाही, चारी बाजूंनी दोर ताणलेले असतात म्हणून राहतो. ते दोर तुमच्या पोटात आहेत."

"आमच्या पोटात कसले दोर, बाई?" धाकटी म्हणाली. "तिथे तीन पोरं राहून गेलीत. जाताना सगळं सामान घेऊन गेली."

फिजिओबाई सगळ्यांबरोबर हसली, मग तिने सगळ्यांना आडवं केलं. "बेंबीच्या खाली दोन बोटं ठेवा. आता खोका. बोटांखाली काही घट्ट झालं? तेच. आता न खोकता तेवढंच घट्ट करायचं. नाडी आवळतो तसं, पण हलक्या हाताने. आणि श्वास धरायचा नाही."

इथेच सगळ्या अडल्या. पोट आवळलं की श्वास बंद, श्वास सोडला की पोट सैल. वजन उचलताना दम कोंडायचा हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं, तरी सगळ्यांना पक्कं येत होतं. फिजिओबाई एकेकीपाशी गुडघ्यांवर बसून बघत होती. थोरलीच्या कमरेला हात लावल्याबरोबर तिचा हात थबकला. युनिफॉर्मखाली पट्टा लागला होता.

"कधीपासून बांधता?" तिने हळूच विचारलं.

"थंडी वाजते म्हणून," थोरली म्हणाली. खोलीत पंखा सुरू होता.

फिजिओबाईने चारचौघांत काही काढलं नाही. फक्त खाली वाकून म्हणाली, "मावशी, घरात नोकर ठेवला की मालक आळशी होतो. पट्ट्याचं तसंच आहे. पोटाने काम सोडून दिलंय तुमच्या. थोडं थोडं करून पट्टा सोडा, आणि रोज हे करा. येईल जोर परत. तुमचं अजून हाताबाहेर गेलेलं नाही."

मग तिने परीक्षा सांगितली. दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे जमिनीला टेकून ओणवं व्हायचं. कमरेवर पाण्याने भरलेला पेला ठेवायचा. मग उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, दोन्ही सरळ करून धरायचे. आतले दोर ताणलेले असतील तर कंबर हलणार नाही आणि पेला जागचा हलणार नाही. दोर सैल असतील तर कंबर कलंडेल. "पंधरवड्याने सगळ्यांची घेईन. ज्यांचा पेला सांडेल त्यांनी सध्या उचलायचं नाही. त्यांना खाली हलकं काम देऊ, बरं वाटेपर्यंत." 'बरं वाटेपर्यंत' म्हटल्याबरोबर मावशांची कुजबुज थांबली.

त्या दिवशी नुसता सराव होता. थोरलीचा पेला हात उचलता उचलताच गडगडला. धाकटी टेबलाला धरून हळूहळू गुडघ्यांवर उतरली, पाय मागे नेला, आणि बाजूला कोसळलीच. पाणी फिजिओबाईच्या बुटांवर. "बाईंचे पाय धुतले, आता आशीर्वाद द्या!" धाकटी पडल्या पडल्या म्हणाली, आणि खोलीभर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने थोरली हसली. मोठी आली डोक्याकडे उभी राहणारी, असं तिच्या मनात आलं. धाकटीला उठायला बराच वेळ लागला, पण तोवर सगळ्या दाराकडे निघाल्या होत्या.

थोरलीने मात्र मनावर घेतलं. रोज घरी आल्यावर, दमून चप्पल काढायचंही त्राण नसताना, ती जमिनीवर चादर अंथरायची. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. आता डोळे साथ देत नव्हते, पण हात अजून स्थिर होते. तो तिच्या कमरेवर अलगद पेला ठेवायचा आणि बाजूला बसून बघायचा.

"बायको चार पायांवर आली, हे बाहेर कुणाला सांगू नकोस बाई," तो म्हणायचा.

"अहो, हसवू नका. पोट सुटतं."

"मग गप्प बसतो. आलं बघ, डावीकडे आलं. आलं... गेलं."

चादर भिजायची. ती वाळत घालायची आणि दुसऱ्या दिवशी तीच अंथरायची. कंटाळा यायचा. दिवसभर लोकांची अंगं उचलायची आणि घरी येऊन आपलं एक पोट उचलता येत नाही, म्हणजे काय म्हणावं? तिला रडू यायचं, ते दुखण्यापेक्षा शिणाचं असायचं. पण खिडकी नसलेली ती खोली डोळ्यांपुढे आली, की ती पुन्हा ओणवी व्हायची.

मग हळूहळू तिला भलतीच गोष्ट दिसायला लागली. बसथांब्यावर उभी असताना तिच्या लक्षात आलं, की आपण उभ्या नाहीच. सगळा भार एका पायावर, गुडघा मागे दाबून ठेवलेला, पोट पुढे टाकलेलं, हनुवटी त्याहून पुढे. आपण आपल्याच हाडांना लटकलोय. आयुष्यभर अशाच उभ्या राहिलो असणार. तिने दोन्ही पायांवर सारखा भार घेतला, बेंबीखालचं ते हलकेच आवळलं, श्वास सोडला. कमरेतली कळ गेली नाही, पण जरा मागे सरली. मग भांडी घासताना, बस येईपर्यंत, न्हाणीच्या दारात पेशंटची वाट बघत, जिथे आठवेल तिथे ती हेच करायला लागली. पंधरवडा संपत आला तेव्हा एक दिवस जिना चढताना तिला कळलं, की आज पट्टा घरीच राहिलाय. ती जिन्यातच थांबली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला वाटलं, की वाचले.

"तू करतेस का गं घरी?" तिने त्या दिवशी धाकटीला विचारलं. पाठ सुधारली तसा तिचा रागही जरा उतरला होता.

"करते की," धाकटी म्हणाली. "पाठीवर पडून डोळे मिटायचे. सकाळपर्यंत हलत नाही."

"पेला सांडला तर खाली पाठवतील, कळतंय का?"

"कळतंय ना. तिथे जिने चढायला लागत नाहीत, ते एक बरंय," ती म्हणाली आणि चादरी आणायला गेली.

परीक्षेच्या दोन दिवस आधी धाकटी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून लवकर गेली. तिच्या जागी शेजारच्या वॉर्डातली एक तरणी मुलगी आली. पहिलाच उचलायचा होता तो ड्रायव्हर. हा ट्रक चालवायचा. अपघातानंतर कमरेखालचं सगळं लुळं पडलं होतं, पण वजन मात्र एका तोळ्यानेही उतरलं नव्हतं. वॉर्डातला सगळ्यांत जड माणूस, आणि सगळ्यांत कमी बोलणारा. नवी मुलगी त्याच्याकडे बघूनच बिचकली, तेव्हा थोरलीच म्हणाली, "तू पायाकडे जा. नजर खाली ठेव," आणि कित्येक महिन्यांनी ती डोक्याकडे गेली.

गुडघे वाकवले, त्याला छातीशी ओढलं, पोट आवळलं. "एक, दोन, चला," आणि 'चला'बरोबर श्वास बाहेर. ड्रायव्हर खुर्चीत आला. थोरलीची कळ उठली नाही. तिला इतका आनंद झाला, की तो दाखवायला कोणी हवं असं वाटलं.

"बघा, अजून येतं मला," ती ड्रायव्हरला म्हणाली.

"तुमचे हात थरथरत नाहीत," तो म्हणाला.

"थरथरायला काय झालं?"

ड्रायव्हरने खुर्चीचं चाक जरा मागेपुढे केलं. नवी मुलगी पिशवी रिकामी करायला गेली होती. "बोलू नका म्हणून सांगितलंय मला," तो म्हणाला. "पण आता इतके दिवस झाले. धाकट्या मावशींचे हात रोज थरथरतात. माझं कमरेखालचं मेलंय, काखा तर जिवंत आहेत ना. आणि 'चला' म्हणायच्या आधी त्या दात आवळतात, तो आवाज माझ्या कानाशीच येतो. मी एकदा म्हटलं, मावशी, बाजू बदलून घ्या. तर म्हणाल्या, पायाकडचीला माझ्यापेक्षा जास्त दुखतंय. तिचं तोंड इथून दिसतं मला."

 थोरलीने त्याचे पाय खुर्चीच्या पाटीवर नीट ठेवले, गुडघ्यांवर चादर टाकली, मग उगाचच ती काढून पुन्हा टाकली. मग पुढच्या खाटेकडे गेली. त्या दिवशी जेवढे उचलायचे होते तेवढे सगळे तिने डोक्याकडून उचलले. प्रत्येक वेळी समोर नव्या मुलीचं तोंड स्पष्ट दिसत होतं, भुवई वर गेली, ओठ दाबला, सगळं. इथून इतकं दिसतं हे ती विसरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी धाकटी मागच्या जिन्यापाशी पेला हातात धरून उभी होती. शेजारी तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. थोरलीला आठवेना, की आपण हिला शेवटची बसलेली कधी बघितली.

"काल कुठे गेली होतीस?"

"फोटो काढायला. पाठीचा. आता या वयात समोरून कोण काढतंय?"

"काय निघालं?"

"दोन मणके एकमेकांवर बसलेत. नस दाबली जाते." धाकटीने चहा फुंकला. "डाव्या पायाची बोटं कधी असतात, कधी नसतात."

"आणि मला बोलली नाहीस."

"तू बोललीस?"

 खालच्या मजल्यावर कोणीतरी बादली सरकवत होतं. "मी थोरली आहे," थोरली शेवटी म्हणाली. याहून वेडगळ उत्तर तिला सुचलं नसतं.

"मग? थोरलीने डोक्याकडे उभं राहून डोळ्यांत पाणी आणायचं आणि धाकटीने ते बघत बसायचं? थंडीत एक दिवस तू डोक्याकडे होतीस. मी पायाकडे. न्हाणीतल्या म्हाताऱ्याला उचललंस आणि नंतर भिंतीला डोकं टेकून उभी राहिलीस. मी वर बघितलं म्हणून दिसलं. एरवी कोण वर बघतंय?"

"मला वाटलं, तुला हाक द्यायची हौस आलीय," थोरली म्हणाली. हे बोलताना तिला आपली इतकी लाज वाटली, की तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मी तुझ्यावर रुसले होते. तू पडलीस तेव्हा हसले."

धाकटी हसायला लागली आणि मध्येच थांबून तिने जिन्याचा कठडा धरला. हसणंही तिला सोसत नव्हतं. थोरलीने तिच्या हातातला पेला काढून घेतला. 

"उद्या मी पण सांडते," थोरली म्हणाली. "मुद्दाम. दोघी खाली जाऊ. बसून घड्या घालू."

"घड्या घालायला दोघी कशाला?"

"माझं ओझं इतके महिने तू उचललंस. आता तू तळघरात जाणार, आणि मी इथे वर ताठ उभी राहू? माझ्याच्याने नाही होणार."

"सांडून तर बघ!" धाकटीचा आवाज इतका चढला, की जिन्यातून जाणारा वॉर्डबॉय वळून बघायला लागला. तो गेल्यावर ती खालच्या पट्टीत म्हणाली, "तोंड बघणार नाही मी तुझं. माझी पाठ गेली. ती तर गेलीच. तिच्या बदल्यात एक वाचली, एवढं तरी मला म्हणू दे. दोन्ही गेल्या तर मी काय फुकट हमाली केली?"

 चहा गार झाला होता. थोरलीने दोन्ही पेले विसळले आणि दोघी वॉर्डात परत गेल्या. त्या दिवशी डोक्याकडे थोरली उभी राहिली. धाकटी पायाकडे गेली आणि नजर खाली ठेवून तिने पिशवी सांभाळली. पाय उचलतानाही तिचा ओठ दाबला जात होता. थोरलीने दुसरा पेशंट उचलायच्या आधीच शेजारच्या वॉर्डातल्या त्या नव्या मुलीला पायाकडे बोलावलं.

परीक्षेच्या दिवशी व्यायामाच्या खोलीत मावशा भिंतीला लागून ओळीने बसल्या. धाकटी दारापाशी उभी होती. फिजिओबाई एकेकीला बोलवत होती. एकीचा पेला राहिला, एकीचा सांडला, एकीने दोनदा सांडून तिसऱ्यांदा धरला आणि तिच्यासाठी टाळ्या पडल्या. मग थोरलीचं नाव आलं.

ती चटईवर ओणवी झाली. पेल्याचं बूड कमरेला गार लागलं. उजवा हात पुढे, डावा पाय मागे. तिने बेंबीखालचं आवळलं आणि श्वास सोडला, घेतला, सोडला. कंबर जागच्या जागी राहिली. समोर भिंत होती, भिंतीच्या बाजूला दार, दारात धाकटीचे पाय. डाव्या पायाची टाच जमिनीपासून जराशी उचललेली होती, त्यावर ती भार देत नव्हती.

 सांडणं किती सोपं होतं. डावा कुल्हा बोटभर खाली सोडायचा, बस. कोणाला कळलंही नसतं, तिचा पहिल्या दिवशीही सांडलाच होता. मग खाली ती खोली, पण खोलीत दोघी. तिचा कुल्हा हलायला लागला. पेल्यातलं पाणी काठाशी आलं, हे तिच्या पाठीला कळलं.

"अगं," दारातून धाकटी म्हणाली. नेहमीच्या आवाजात, पेशंटसमोर बोलायची तशी. "काय कबूल केलंयस?"

थोरलीने काहीच कबूल केलं नव्हतं. तरी तिने कुल्हा वर घेतला. रडू यायला लागलं होतं, पण रडताना पोट गचके खातं हे तिला या पंधरवड्यात नीट कळलं होतं. म्हणून तिने रडणं थांबवलं नाही, फक्त पोटाच्या वर ठेवलं. डोळ्यांतून पाणी चटईवर पडत राहिलं आणि पोट तसंच आवळलेलं राहिलं. श्वास सोडला, घेतला, सोडला.

"छान! शाब्बास, मावशी," फिजिओबाई म्हणाली. "पुरे आता. हात-पाय खाली घ्या."

थोरलीने खाली घेतले नाहीत. पेला कमरेवर तसाच होता आणि तो हलू देण्याची तिची आता हिंमत नव्हती. 

"अगं, झालं, सोड," धाकटी दारातून आत आली. एक पाऊल, मग दुसरं, पाय जरा ओढत. ती चटईपाशी येऊन थोरलीच्या शेजारी उभी राहिली. तिने पेल्याकडे हात नेला, हात अर्ध्यावर गेला आणि तिथेच राहिला. खोलीतल्या सगळ्यांना ते दिसलं. धाकटीने मागे वळून त्यांच्याकडे बघितलं, मग फिजिओबाईकडे.

"बाई," ती म्हणाली, "तेवढा पेला तुम्हीच उचला. मला वाकवत नाही."